जड चाप आणि दुरुस्तीचा लांबचा रस्ता : मावळच्या शस्त्रपरंपरेच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

प्रस्तावना

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील टोलनाक्यामुळे मावळ तालुक्यातील उर्से हे गाव सर्वपरिचित झाले आहे. येथून पुण्याच्या दिशेने जाताना देहूरोडचे लष्करी आयुध भांडार, खडकीचा दारूगोळा कारखाना (स्थापना १८६९) आणि पाषाण येथील संरक्षण संशोधन संस्थेची शस्त्रास्त्र प्रयोगशाळा लागते. शस्त्रांची साठवण, दारूगोळ्याची निर्मिती आणि संशोधन यांचा इतका दाट शेजार असलेले प्रदेश देशात थोडेच असतील. असे असूनही या परिसरातील एखाद्या परवानाधारकाच्या पिस्तुलाचा चाप जड झाला, तर या तिन्ही ठिकाणांचा त्यास काहीच उपयोग नाही. त्याला परवानाप्राप्त दुरुस्तकाचा शोध घ्यावा लागतो, अन्यथा शस्त्र उत्पादकाकडे पाठवावे लागते. आणि तो उत्पादक बहुधा शेकडो मैल दूर, कानपूर अथवा ईशापूर येथे असतो. शस्त्र वापरणारा आणि ते दुरुस्त करणारा यांच्यातील हे अंतर कसे निर्माण झाले, याचा मागोवा घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

चाप जड होणे म्हणजे काय

चाप ओढला की घोड्याला अडवून धरणारा लहानसा तुकडा सरकतो आणि ताणलेल्या कमानीच्या जोराने घोडा सुटतो. रिव्हॉल्व्हरमध्ये पुष्कळदा घोडा मागे नेणे आणि सोडणे ही दोन्ही कामे चापच करतो. त्यामुळे तो मुळातच जड असतो. याशिवाय वाळलेले तेल, गंज, साचलेली घाण किंवा घासलेले भाग यांमुळेही चाप अडखळतो. जड चाप ओढताना नळीचे तोंड हलते व नेम चुकतो. याउलट चाप प्रमाणाबाहेर हलका केल्यास शस्त्र नको त्या वेळी सुटण्याचा धोका असतो. म्हणजेच चापाचे वजन हा केवळ सोयीचा नव्हे, तर सुरक्षिततेचा प्रश्न आहे. नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत दहा मीटर एअर पिस्तुलासाठी चापाचे किमान वजन ५०० ग्रॅम आणि पंचवीस मीटर पिस्तुलासाठी १००० ग्रॅम ठरविलेले आहे, ते याच जाणिवेतून होय.

कारागीर जवळ होता तो काळ

शिवकालीन अठरा कारखान्यांत शिलेखाना म्हणजे शस्त्रागार याचा समावेश होता. शस्त्रांना धार व झिलई देणारे शिकलगार हे कारागीर गावोगावी फिरत. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत (१७६१-१७७२) आंबेगव्हाण येथे तोफगोळ्यांचा कारखाना होता. जानेवारी १७७९ मध्ये मराठी फौजांनी इंग्रजांच्या सैन्याला याच मावळात, वडगाव येथे कोंडीत पकडून तह करण्यास भाग पाडले. त्या काळातील तोड्याच्या वा चकमकीच्या बंदुकीची यंत्रणा साधी होती. तिची कमान बदलणे, कळ घासणे ही कामे लोहाराच्या आवाक्यातील होती. शस्त्राचा मालक आणि दुरुस्ती करणारा एकमेकांस ओळखत असत. अर्थात, या व्यवस्थेत एकसारखेपणा नव्हता व गुणवत्तेची हमीही नव्हती, हे मान्य केले पाहिजे.

कायद्याने निर्माण केलेले अंतर

१८५७ च्या उठावानंतर सरकारचे धोरण बदलले. १८६० च्या ३१ व्या कायद्याने शस्त्रांची निर्मिती, आयात व विक्री यांवर नियंत्रण आणले. लॉर्ड लिटन यांच्या काळातील १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवाना ही सर्वसाधारण अट केली आणि युरोपियनांना मात्र सवलती दिल्या. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत चाफेकर बंधूंनी केलेला रँडचा वध आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथे अनंत कान्हेरे यांनी केलेला जॅक्सनचा वध या घटनांमुळे पिस्तूल हे सरकारच्या दृष्टीने विशेष संशयाचे शस्त्र ठरले. दरम्यान निर्मितीही मोठ्या सरकारी कारखान्यांत एकवटत गेली. ईशापूरचा रायफल कारखाना १९०४ मध्ये आणि कानपूरचा लहान शस्त्रांचा कारखाना १९४२ मध्ये सुरू झाला.

स्वातंत्र्यानंतरच्या १९५९ च्या कायद्यातील कलम ५ मध्ये निर्मिती व विक्रीबरोबरच 'दुरुस्ती' हा शब्दही स्पष्टपणे आला. विनापरवाना दुरुस्ती करणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची व कमाल जन्मठेपेची शिक्षा होऊ शकते. त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये मात्र परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रानुसार दुसऱ्या व्यक्तीस दुरुस्तीसाठी शस्त्र नेण्याची मुभा आहे. कायदेकर्त्यांना दुरुस्तीची गरज ठाऊक होती, हे यावरून दिसून येते. त्यांनी वाट ठेवली. वाटेच्या टोकाला कारागीर असेल की नाही, याचा विचार मात्र झाला नाही.

उत्पादकाची सेवा : एक अनुभव

उत्पादकाची सेवा किती निर्णायक असते, याचा प्रत्यय २५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये आला. मनू भाकर हिच्या पिस्तुलात पात्रता फेरी सुरू असतानाच बिघाड झाला. दुरुस्तीत मौल्यवान मिनिटे गेली आणि ती ५७५ गुणांसह बाराव्या स्थानी राहिली. २०२४ मध्ये पॅरिसला तिने दोन कांस्यपदके मिळविली, तेव्हा उणीव कौशल्याची नव्हती हे सिद्ध झाले. सुसज्ज खेळाडूची ही अवस्था होत असेल, तर तालुक्यातील सामान्य परवानाधारकाची स्थिती वेगळी सांगण्याची गरज नाही. त्याच्यापुढे तीन पर्याय उरतात : जड चाप तसाच सहन करणे, परवान्याचे कार्यक्षेत्र तपासून शस्त्र परराज्यात पाठविणे, अथवा गुपचूप कोणाकडून तरी कमान घासून घेणे. यातील तिसरा पर्याय सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक आहे.

समारोप

विरोधाभास असा की, चापाविषयीचे आधुनिक ज्ञान पुण्यातच आहे. जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झालेले 'अस्मी' हे मशीन पिस्तूल महू येथील इन्फन्ट्री स्कूल व पुण्याची शस्त्रास्त्र प्रयोगशाळा यांनी विकसित केले असून, त्याच्या चापाचे काही भाग धातूच्या त्रिमितीय मुद्रणाने घडविले होते. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माणी मंडळाऐवजी सात कंपन्या अस्तित्वात आल्या. त्यांपैकी दारूगोळ्याच्या कंपनीचे मुख्यालय पुण्यात, तर शस्त्रांच्या कंपनीचे कानपुरात आहे. दारूगोळा येथे आणि शस्त्र तेथे, ही जुनीच विभागणी नव्या रचनेतही कायम राहिली.

परवाना नूतनीकरणाच्या वेळी कागदपत्रांबरोबर शस्त्राच्या यांत्रिक स्थितीचीही प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून तपासणी व्हावी आणि उत्पादकाचे अधिकृत दुरुस्ती केंद्र किमान महसूल विभागाच्या ठिकाणी असावे, असे या विवेचनाच्या आधारे सुचवावेसे वाटते. शस्त्र कमी लोकांच्या हाती असावे, ही कायद्याची भूमिका योग्यच आहे. परंतु ज्यांच्या हाती ते कायद्यानेच दिले आहे, त्यांचे शस्त्र निर्दोष राहणे ही शेजारपाजाऱ्यांच्या जीविताची बाब आहे. दीड शतकात राज्यसंस्थेने दुरुस्ती करणारा हात शस्त्रधारकापासून दूर नेला. आता तो विश्वासार्ह स्वरूपात पुन्हा जवळ आणणे हेही तिचेच उत्तरदायित्व ठरते.