जटपुऱ्याच्या दारातून आत

नागपूरहून सकाळी लवकर निघालात तर दीडशे किलोमीटर कापून जेवणाच्या आत चंद्रपूर गाठता येतं. जटपुरा गेटच्या अलीकडेच गाडीतून उतरा. हॉर्न वाजताहेत? वाजू द्या. कमानीखाली शिरा, दगडावर हात ठेवा आणि पलीकडे पाऊल टाका. थेट राणी हिराईच्या चांद्यात, म्हणजे जुन्या चंद्रपुरात. तीनशे वर्षं मागे, ऐन चैत्रात.

सरका, सरका! लमाणांचा तांडा येतोय. गळ्यात घुंगरं, पाठीवर मिठाच्या गोणी, असे बैल अंगाला घासून पुढे जातात. शेण, घाम आणि धुळीने तुमचा घसा खवखवतो. तेवढ्यात नाकात शिरतो मोहफुलांचा गोड, जड वास. रानातून पहाटेच निघालेल्या गोंड बाया टोपल्या उतरवून भिंतीच्या सावलीत टेकल्या आहेत.

"कोनीकडून आले जी?" भालेवाला विचारतो. नागपूरऐवजी देवगडाच्या मुलखातून आलो म्हणा, म्हणजे त्याला उमजेल. वर बघा. हत्तींना नमवणारा दगडी सिंह तुमच्याकडेच बघतोय. मला तर ह्या दारावरचं हेच शिल्प सगळ्यात आवडतं.

आत गल्ल्या अरुंद. कोष्ट्यांच्या मागांची खटखट थांबत नाही. एका अंगणात टसरचे कोश शिजताहेत. त्या उग्र वाफेने नाक दाबून घ्याल, आणि पुढच्याच ओसरीवर त्याच कोशांचा मधाळ रंगाचा धागा रहाटावर चढताना बघत उभे राहाल. पाय चटके खाताहेत ना? कुणी म्हातारी हाक मारून आंबील देईल. नाही म्हणू नका. आंबट, गार, घोटाघोटाला पोटात उतरलेली कळते.

आता अचलेश्वर दाराकडे चला. दुरूनच छिन्न्यांचा आवाज येतो. जवळ गेलात की दगडाची पिठी पापण्यांवर बसते. शेकडो हात उन्हात तापलेला दगड घडवताहेत. बिरशहाची समाधी उभी राहतेय. राजाच्या माघारी राज्य सांभाळणारी हिराई आपल्या नवऱ्यासाठी ती बांधून घेतेय. पाथरवट बोलत नाहीत, नुसते ठोकत राहतात. इथे घाई करू नका, बसा थोडं.

संध्याकाळी गुरं परततात, झरपट नदीवरून बायका घागरी घेऊन येतात, आणि मग दारं लागतात. चार दारं, पाच खिडक्या, साधारण अकरा किलोमीटरचा कोट. तटाबाहेर काळोखं रान, त्यात वाघ. जाडजूड फळ्यांचा तो घरघराट ऐकला की आत असल्याचं सुख काय ते अंगाला कळतं.

त्या कोटावर पुढे झाडंझुडपं माजली. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी ती स्वतः खपून काढली, म्हणून आज तटावरून चालता येतं. जाल तेव्हा पाणी सोबत ठेवा, आणि रिकामी बाटली तिथे टाकू नका.