कोकणातील मालमोटारी : शीतन व निष्कास

कोकण किनारपट्टी व देश यांच्या दरम्यान सह्याद्रीचे घाट चढून-उतरून मालवाहतूक करणाऱ्या मोटारींच्या एंजिनांतील अतिरिक्त उष्णता आणि जळलेले वायू बाहेर टाकणाऱ्या व्यवस्था व त्यांच्यात काळानुसार झालेल्या सुधारणा. अंतर्ज्वलन एंजिनात इंधनापासून मिळणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एकतृतीयांश उष्णतेचेच उपयुक्त कार्यात रूपांतर होते. साधारण तितकीच उष्णता शीतन-पाण्यावाटे व तितकीच निष्कास वायूंवाटे बाहेर जाते. त्यामुळे रेडिएटरचा पंखा आणि निष्कास नळी हे वरवर वेगळे दिसणारे भाग वस्तुतः एकाच उष्णतेच्या हिशेबातील दोन रकमा होत. एकीत फेरफार केल्यास दुसरीवर भार पडतो, ही गोष्ट रत्नागिरीच्या घाटवाहतुकीच्या इतिहासात वारंवार प्रत्ययास आलेली आहे.

भौगोलिक परिस्थिती : रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाणारी वाहतूक आंबा घाटाने, तर चिपळूणहून कऱ्हाडकडे जाणारी कुंभार्ली घाटाने चढते. दोन्ही घाटांत किनाऱ्यालगतच्या सखल प्रदेशातून सु. ६०० मी. उंचीच्या माथ्यापर्यंत चढ आहे. मुंबई–गोवा मार्गावर काशेडी, परशुराम इ. घाट लागतात. हापूस आंब्याचा मुख्य हंगाम व कडक उन्हाळा एकाच वेळी येत असल्याने गाडी सर्वाधिक भरलेली असते, तेव्हाच हवाही सर्वाधिक तापलेली असते. घाटात एंजिन तापून गाडी थांबली, तर आंब्याच्या पेट्यांतील फळ लवकर पिकू लागते आणि मिरकरवाडा बंदरातून निघालेल्या मासळीवरील बर्फ वितळतो. शीतनातील दोषाचा भुर्दंड असा थेट बागायतदार व मच्छीमार यांना सोसावा लागतो.

इतिहास : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोकणाचे मुंबईशी दळणवळण मुख्यत्वे आगबोटींनी होत असे व घाटमार्गांवर बैलगाड्या चालत. पुढे त्यांच्या जोडीला मोटारी आल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोलच्या टंचाईमुळे अनेक मोटारी लोणारी कोळशापासून तयार केलेल्या वायूवर चालविण्यात आल्या. या वायूवर एंजिनाची शक्ती बरीच घटत असल्याने चढ चढणे कष्टाचे होई. मुंबईत १९४७ मध्ये महिंद्र कंपनीने विलिस जीपची जुळणी सुरू केली. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. टाटा कंपनीने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझच्या सहकार्याने डीझेल मालमोटारींचे उत्पादन हाती घेतले. छोट्या मालवाहतुकीसाठी पुढे बजाज टेंपोची मॅटाडोर, जीपवर आधारलेली पिकअप वाहने, १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस टाटामोबाइल व २००५ मध्ये टाटा एस ही वाहने आली. यांपैकी पिकअप वाहन आंबा व मासळी यांच्या व्यापारास विशेष सोयीचे ठरले, कारण अरुंद वाडीरस्त्यावरून ते थेट बागेपर्यंत किंवा धक्क्यापर्यंत जाऊ शकते.

शीतन : जुन्या गाड्यांत पंखा पट्ट्याच्या साहाय्याने एंजिनावरच फिरतो. सपाट रस्त्यावर गाडीच्या वेगामुळे रेडिएटरमधून पुरेशी हवा जाते; घाटात वेग मंदावल्याने हा आधार नाहीसा होतो व सर्व भिस्त पंख्यावर राहते. वरच्या गिअरमध्ये गाडी रेटल्यास एंजिनाचे फेरे कमी होतात, पंखा मंद फिरतो आणि पाण्याचा पंपही मंदावतो. म्हणून जाणता चालक चढापूर्वीच खालचा गिअर टाकतो. शक्ती मिळविण्याबरोबरच हवा मिळविण्याचाही हा उपाय होय.

पंख्यातून मिळणारी हवा त्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढते, मात्र त्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. केवळ मोठा पंखा बसविल्याने एंजिनावर कायमचा बोजा पडतो, तो यामुळेच. यावर दोन उपाय रूढ झाले. पहिल्यात सिलिकोन तेल भरलेल्या क्लचमुळे रेडिएटरमागील हवा तापल्यावरच पंखा पूर्ण वेगाने फिरतो. दुसऱ्यात विद्युत् पंखा तापमानानुसार आपोआप चालू-बंद होतो. जुन्या गाडीत विद्युत् पंखा बसविताना तिच्या विद्युत् जनित्राची क्षमता प्रथम तपासावी लागते. जुने डायनॅमो मंद फेऱ्यांवर पुरेसा प्रवाह देऊ शकत नाहीत. तारा उलट जोडल्या गेल्यास पंखा समोरून येणाऱ्या हवेच्या विरुद्ध फिरतो. पंख्याभोवती नीट बसणारे आवरण नसल्यास हवा रेडिएटरच्या जाळीतून येण्याऐवजी कडेनेच फिरत राहते. हे आवरण बसविणे हा सर्वांत स्वस्त व बहुधा सर्वाधिक गुणकारी बदल ठरतो. दाबाच्या झाकणामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू सु. २० से.ने वाढतो, तथापि तापलेल्या एंजिनाचे झाकण उघडल्यास उकळते पाणी उसळून चालक भाजतो, तर त्यात एकदम थंड पाणी ओतल्यास सिलिंडरशीर्षाला तडा जाण्याचा धोका असतो.

निष्कास : निष्कास नळी अरुंद किंवा काजळीने भरलेली असल्यास जळलेले वायू अडतात व एंजिन अधिक तापते. नळी अवाजवी रुंद केल्यास वायू मंदावून थंड होतात, त्यांतील पाणी आत साचते व नळी आतून गंजते. खारी हवा आणि मासळीच्या गाडीतून गळणारे खारे पाणी यांमुळे किनाऱ्यावर ती बाहेरूनही लवकर सडते. गळकी नळी चालककक्षाखाली असल्यास विषारी कार्बन मोनॉक्साइड आत शिरण्याचा धोका संभवतो.

टर्बोभरक नसलेल्या जुन्या डीझेल एंजिनात केवळ मोकळी निष्कास नळी बसविल्याने शक्ती फारशी वाढत नाही, कारण इंधनाचे प्रमाण पंपावर ठरलेले असते. अशा वेळी पंपातून इंधन वाढवून घेण्याचा मोह होतो. त्यामुळे काळा धूर व उष्णता ही दोन्ही वाढतात आणि पूर्वी पुरे पडणारा रेडिएटर अपुरा ठरतो. याउलट अवजड मोटारींत घाट उतरताना निष्कास मार्ग झडपेने अंशतः बंद करून एंजिनाचाच रोधक म्हणून उपयोग करतात; त्यामुळे चाकांचे ब्रेक तापून निकामी होण्याचे टळते.

कायदा व सद्यःस्थिती : १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी उत्पादकाचा मूळ तपशील विसंगत होईल असा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. भारत टप्पा ४ ची मानके देशभर १ एप्रिल २०१७ पासून व टप्पा ६ ची १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. टप्पा ६ च्या डीझेल वाहनांत काजळी अडविणारा गाळक हा निष्कास मार्गाचाच भाग असून तो काढून टाकल्यास वाहन मानकात बसत नाही. जुन्या वाहनांची दुरुस्ती मात्र आजही प्रामुख्याने गावोगावच्या गॅरेजांतील मिस्त्रीच करतात.

कोकण रेल्वेने १९९९ मध्ये मालमोटारी रेल्वे वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा सुरू केली. तिच्यामुळे काही मोटारींचे घाटातील श्रम वाचले. काशेडी घाटातील बोगदा २०२३ पासून टप्प्याटप्प्याने वापरात आला. बागेतून वा बंदरातून देशावरच्या पेठेकडे जाणाऱ्या छोट्या मालमोटारीला मात्र आंबा व कुंभार्ली हे घाट चढावेच लागतात. तिच्या बाबतीत रेडिएटरची स्वच्छता, पंख्याचे आवरण, पट्ट्याचा ताण व न गळणारी मूळ मापाची निष्कास नळी यांची काळजी प्रथम घेणे आणि शक्तिवर्धनाचा विचार त्यानंतरच करणे, हा क्रम तांत्रिक व आर्थिक अशा दोन्ही दृष्टींनी हिताचा ठरतो. [→ अंतर्ज्वलन एंजिन; मोटारगाडी].