गोल विणकामाचा श्रीगणेशा : क्रोशाचे सरकते कडे

क्रोशाच्या सुईने विणलेला गोल रुमाल असो, बाळाची टोपी असो वा लोकरीची बाहुली. या साऱ्यांची वीण मध्यबिंदूपासून सुरू होऊन बाहेर पसरत जाते. हा मध्यबिंदू ढिला राहिला, तर बाहेरची नक्षी कितीही देखणी असली तरी वस्तू दोन-चार धुण्यांतच उसवू लागते. मध्यभागी भोक न ठेवता गोल विणकाम सुरू करण्याची खात्रीची पद्धत म्हणजे सरकते कडे. विणणाऱ्या महिलांमध्ये ते 'मॅजिक रिंग' या नावाने ओळखले जाते.

संकटातून उभा राहिलेला उद्योग

क्रोशाचे आणि आपत्तीचे नाते जुने आहे. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने बुडाले आणि भीषण दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाच्या लेसने तेथील अनेक कुटुंबांना तारले. नांदेडवरून वाहणारी गोदावरी जेथे समुद्राला मिळते, त्या परिसरातील आंध्रच्या नरसापूर येथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ही कला रुजवली. तेथील लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

मराठवाड्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. सुमारे १० हजार माणसे दगावली. पुनर्वसनाच्या काळात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील महिलांना घरबांधणीच्या कामात सहभागी करून घेतले. त्यातूनच पुढे बचत गटांची चळवळ बळावली. अशा गटांना क्रोशाकाम सहज झेपणारे आहे. त्याला ना वीज लागते, ना वेगळी जागा; भांडवल म्हणजे एक सुई आणि लोकरीचा गुंडा.

साहित्य

नवशिक्यांनी मध्यम जाडीची, फिक्या रंगाची लोकर आणि ४ मिलिमीटरची सुई घ्यावी. गडद रंगात टाके दिसत नाहीत. याखेरीज कात्री आणि बोथट टोकाची शिवणसुई लागते.

कृती

१. दोऱ्याचे सुमारे १५ सेंटिमीटर टोक सोडून ते डाव्या तळहातात अंगठ्याने दाबून धरावे. दोरा पहिल्या दोन बोटांभोवती असा गुंडाळावा, की बोटांवर फुली तयार होईल.

२. फुलीतील पहिल्या दोऱ्याखालून सुई घालून दुसरा दोरा ओढून घ्यावा, सुईला अर्धा पीळ द्यावा आणि एक साखळी घालावी. या साखळीने कडे जागेवर राहते.

३. कडे बोटांतून काढून चिमटीत धरावे. कड्याचा दोरा आणि सुटे टोक या दोहोंवरून कड्यात ६ मुके खांब घालावेत. टोक बाहेर राहिल्यास कडे आवळले जात नाही.

४. आता सुटे टोक ओढावे. कडे सरकून मधले भोक बंद होते.

५. पहिल्या खांबाच्या माथ्यात सुई घालून दोरा सुईवरच्या फासातूनही एकदम ओढून घ्यावा. पहिली फेरी पूर्ण झाली.

वाढीचे गणित

वर्तुळ सपाट राहण्यासाठी प्रत्येक फेरीत समान टाके वाढवावे लागतात. मुक्या खांबांत ही वाढ सहाची असते : ६, १२, १८, २४. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन खांब घालावेत. तिसऱ्या फेरीत एकाआड एक टाक्यात दोन. उंच खांबांनी विणताना सुरुवात १२ ने करून दर फेरीला १२ वाढवावेत. कडा वर वळून वाटी होऊ लागली तर वाढ कमी पडली आहे. कडेला झालर पडली तर वाढ जास्त झाली आहे, असे समजावे.

टोक पक्के करणे

बहुतेक जणी चुकतात ते येथेच. टोक लगेच कापू नये. ते शिवणसुईत ओवून कड्याभोवतीच्या टाक्यांतून एक फेरा घ्यावा, मग दिशा उलटवून पुन्हा एक फेरा घ्यावा. गुळगुळीत सुती किंवा रेशमी दोरा लवकर निसटतो, त्यामुळे त्याला आणखी एक फेरा द्यावा. बाहुलीच्या बाबतीत तर हे आवश्यकच, कारण ढिल्या कड्यातून आतील कापूस बाहेर येऊन तो बाळाच्या तोंडात जाऊ शकतो.

सरकते कडे जमेपर्यंत ४-५ साखळ्या जोडून केलेल्या रिंगणातूनही सुरुवात करता येते. त्यात मध्यभागी भोक राहते. जाळीदार रुमालांत ते नक्षीचाच भाग असते, टोपीत मात्र खटकते.

मोल कामाचे

विक्रीसाठी विणणाऱ्यांनी सुरुवातीपासून तासांची नोंद ठेवावी. मारिया मीस यांनी 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' या १९८२ च्या पुस्तकात दाखवून दिले आहे, की घरात बसून विणणाऱ्या बायकांचे श्रम फावल्या वेळातले मानले गेले आणि नफा व्यापाऱ्यांकडे गेला. लोकरीच्या किमतीत श्रमाचे तास मिळवूनच दर सांगावा. पक्के कडे आणि सपाट वर्तुळ असलेली वस्तू तो दर मागू शकते.