मोठा छेद कीं लहान छेद ? एका बालरोगाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास

विद्येच्या इतिहासांत पुष्कळदां असें आढळतें कीं, ‘हें कसें करावें’ या प्रश्नावर पंडितांची सारी शक्ति खर्ची पडते आणि ‘हें करावें काय’ हा प्रश्न मात्र दाराशीं तिष्ठत राहतो. लहान मुलांच्या मूत्रप्रत्यावाहावरील शस्त्रक्रियांची हकीकत या प्रकारचीच आहे. खुली शस्त्रक्रिया श्रेष्ठ कीं अल्पछेदी, हा वाद गेलीं चाळीस वर्षें चालू आहे. वैद्यकाबाहेरील मनुष्यानें त्यांत निवाडा देणें धाष्टर्याचें होईल. परंतु वाद कोणत्या मापानें मोजला गेला, हें पाहण्याचा अधिकार इतिहासाच्या अभ्यासकास खचित आहे.

प्रथम रोगाचें स्वरूप. मूत्रपिंडांतून निघालेल्या दोन मूत्रवाहिन्या मूत्राशयांत सरळ शिरत नाहींत. त्याच्या भिंतींतून कांहीं अंतर तिरप्या जाऊन मग आंत उघडतात. मूत्राशय भरला कीं त्याच्या दाबानेंच ही तिरपी वाट मिटते आणि मूत्र माघारीं जात नाहीं. ग्यालन या प्राचीन ग्रीक वैद्यानें दुसऱ्या शतकांत जनावरांवर प्रयोग करून दाखविलें होतें कीं, भरलेला मूत्राशय कितीहि दाबला तरी मूत्र वर चढत नाहीं. कांहीं मुलांत ही वाट जन्मतःच आंखूड असते. मग लघवीच्या वेळीं मूत्र उलट मूत्रपिंडाकडे जातें. त्यांत जंतु असले तर तेहि जातात, मुलास जोराचा ताप येतो, व कधीं कधीं मूत्रपिंडावर वण राहतो. वण फार झाले तर पुढें रक्तदाब वाढतो, मूत्रपिंड निकामी होण्याचीहि भीति असते. आईबापांची खरी धास्ती ही आहे. उलट वाहणारें मूत्र कोणास दिसत नाहीं.

१९५२ सालीं हच् या अमेरिकन शल्यवैद्यानें, मज्जारज्जूस इजा होऊन पाय लुळे पडलेल्या रोग्यांत या उलट प्रवाहाचा व मूत्रपिंडाच्या नाशाचा संबंध दाखविला आणि तो थांबविण्याची शस्त्रक्रियाहि सांगितली. १९६० सालीं हॉडसन् व एडवर्ड्स यांनीं क्ष-किरणचित्रांवरून वण आणि प्रत्यावाह यांची सांगड घातली. मग काय विचारतां ! पॉलिटानो व लेडबेटर यांची पद्धति १९५८ सालची, लिच् व ग्रेग्वार यांची १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतील, कोहेन् याची १९७५ सालची. तपशील निराळे, तत्त्व एकच : मूत्रवाहिनीस मूत्राशयाच्या भिंतींत नवें, लांब बिळ करून द्यावयाचें. बिळाची लांबी वाहिनीच्या रुंदीच्या पांचपट असावी, हा पाकँ याचा १९५९ सालचा दंडक विद्यार्थी आजहि पाठ करतात. बहुतेक पद्धतींत मूत्राशय उघडावा लागे. नंतर नळ्या, पोटांतील कळा आणि कांहीं दिवस रुग्णालयवास. पण काम पक्कें होई. अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१० सालीं एकत्र केलेल्या आंकड्यांप्रमाणें शंभरांपैकीं सुमारें अठ्ठ्याण्णव मूत्रवाहिन्यांतील उलट प्रवाह या शस्त्रक्रियेनें थांबतो.

या पक्क्या कामास पहिलें आव्हान दिलें तें एका सुईनें. १९८४ सालीं डब्लिन येथील ओडॉनेल् व पुरी यांनीं, मूत्रमार्गांतून दुर्बीण घालून मूत्रवाहिनीच्या तोंडाखालीं टेफ्लॉनचा लगदा टोंचण्याची रीत प्रसिद्ध केली. छेद नाहीं, टांका नाहीं, मूल त्याच दिवशीं घरीं ! न चिकटणाऱ्या तव्यांमुळें घरोघरीं परिचित झालेला हाच तो पदार्थ. परंतु त्याच वर्षीं प्राण्यांवरील प्रयोगांत टेफ्लॉनचे कण दूरच्या अवयवांपर्यंत प्रवास करतात असें आढळलें, आणि उत्साहास लगाम बसला. स्वीडनमध्यें तयार झालेलें शर्करेच्या सूक्ष्म मण्यांचें मिश्रण पुढें त्याच्या जागीं आलें. अमेरिकेंत त्यास २००१ सालीं मान्यता मिळाली. वर सांगितलेल्या आंकड्यांतच एका टोंचणीचें यश सुमारें त्र्याऐंशी टक्के आहे.

पोटास लहान भोकें पाडून दुर्बिणीनें नवें बिळ करण्याची पद्धति मुलांत १९९४ पासून आली, व नंतर यंत्रमानवाची. या पद्धतीचा गवगवा मला थोडा अतिरिक्त वाटतो. प्रौढाच्या पोटावरील वीतभर छेद टळणें हा मोठा लाभ खरा. पण दोन वर्षांच्या मुलाचा खुला छेद मुळांतच कांहीं बोटांचा असतो. कवायत मोठी, वेळ अधिक, खर्च अधिक; आणि यश कांहीं ठिकाणीं खुल्या शस्त्रक्रियेइतकें, कांहीं ठिकाणीं बरेंच उणें. मोठ्या मुलांस वेदना कमी होतात, एवढें श्रेय मात्र तिला दिलेंच पाहिजे.

आतां मापाकडे वळूं. हे सारे टक्के उलट प्रवाह थांबल्याचे आहेत. मूत्रपिंड वांचल्याचे नव्हेत. युरोप व अमेरिका यांतील मध्यम व तीव्र प्रत्यावाहाच्या मुलांवर जो आंतरराष्ट्रीय अभ्यास झाला, त्याचे पांच वर्षांचे निष्कर्ष १९९२ सालीं बाहेर आले. अर्ध्यांवर खुली शस्त्रक्रिया केली, अर्ध्यांस केवळ रोज थोडें जंतुनाशक औषध दिलें. शस्त्रक्रिया झालेल्यांस तापाचा विकार कमी झाला. परंतु नवे वण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच! इंग्लंडांतील बर्मिंगहॅमचा १९८७ सालचा अभ्यासहि हेंच सांगत होता. पुढें गर्भावस्थेंतील ध्वनिचित्रणानें कळूं लागलें कीं, ज्यांस आपण वण समजत होतों त्यांपैकीं पुष्कळ म्हणजे जन्मापूर्वींच अपुरी वाढलेलीं मूत्रपिंडें होत. शिवाय मूल वाढतें तशी भिंतींतील वाटहि वाढते, व सौम्य प्रत्यावाह बहुधा आपोआप नाहींसा होतो. कित्येकांत तर मलावरोध व लघवी दाबून धरण्याची संवय यांचाच आधीं उपाय करावा लागतो.

यामुळें शस्त्रक्रिया निरर्थक ठरत नाहीं. औषध चालू असूनहि ज्या मुलास वारंवार ताप येतो, किंवा ज्याचा तीव्र प्रत्यावाह वर्षानुवर्षें हटत नाहीं, त्याला तिचा आधार मोठा आहे. आणि तेथें पक्कें काम हवें असेल तर जुना खुला छेद आजहि मागें पडलेला नाहीं. धोका निराळा आहे. मोठ्या छेदाचें भयच एक प्रकारचा पहारेकरी होतें : वैद्यहि दहादां विचार करी, आईबापहि. सुईनें तो पहारा उठविला. जें मूल पूर्वीं वाढीवर सोडलें असतें, त्यालाहि ‘एक टोंचणीच तर’ म्हणून भूल देण्याचा मोह होऊं लागला. स्वीडनमध्यें २०३ मुलांवर झालेल्या व २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत टोंचलेल्यांपैकीं ७१ टक्क्यांचा प्रत्यावाह दोन वर्षांत गेला अथवा सौम्य झाला. पण ज्यांवर केवळ नजर ठेविली होती त्यांपैकींहि ४७ टक्क्यांचा तसाच उणावला, आणि टोंचलेल्या मुलांपैकीं पांचांत एकाचा दोन वर्षांअखेर पुन्हां उलटला. मुलींना मात्र तापाच्या बाबतींत टोंचणीचा व रोजच्या औषधाचा, दोहोंचाहि लाभ स्पष्ट दिसला.

टोंचलेल्या त्या मण्यांच्या गांठीवर कांहींजणांत पुढें चुन्याचा थर बसतो. कित्येक वर्षांनीं पोटदुखीसाठीं चित्र काढलें असतां ती मूत्रवाहिनीच्या तोंडाशीं पांढरी दिसते, आणि बालपणीं टोंचणी झाली होती हें कोणी सांगितलें नाहीं तर तिला मुतखडा समजून तो काढण्याची तयारी सुरू झाल्याचे प्रसंग वैद्यकीय नियतकालिकांत नमूद आहेत.