बार किती भरावा? कॅप्टन फोर्सिथ आणि शिकारी रायफलचे कोडे

१८६० च्या सुमारास मध्य भारताच्या जंगलात शिकारीला निघालेल्या साहेबाच्या हाती जी रायफल असे, तिचा प्रत्येक बार हातानेच भरावा लागे. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, चरबी लावलेल्या चिंधीत शिशाची गोळी गुंडाळायची, ती गजाने तळापर्यंत ठासायची आणि शेवटी घोड्याखाली टोपी बसवायची. ‘ठासणीची बंदूक’ हे नाव यावरूनच पडले. लष्करातल्या शिपायाला कागदी काडतूस तयार मिळे. शिकाऱ्याला मात्र दारू किती, गोळी कोणत्या आकाराची, चिंधी किती जाड, हे सारे स्वतः ठरवावे लागे. ते चुकले तर किंमत मोजावी लागे, आणि ती नेहमी त्यालाच मोजावी लागे असेही नाही. जखमी वाघाचा माग काढायला झुडपात शिरणारे बहुधा स्थानिक मागकाढे असत.

या प्रश्नाचा सर्वांत चिकाटीने पिच्छा पुरवणारा माणूस म्हणजे बंगाल स्टाफ कोअरमधील कॅप्टन जेम्स फोर्सिथ. जन्म १८३८ चा. नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत १८६१ मध्ये अस्तित्वात आला आणि पुढच्याच वर्षी सातपुड्याच्या डोंगराळ भागाची पाहणी करण्यासाठी फोर्सिथ पचमढीला पोहोचला. त्याने तिथे बांधलेले ‘बायसन लॉज’ आजही उभे आहे. पचमढीचा ‘शोध’ त्यानेच लावला असे पर्यटनाच्या पुस्तिकांत छापलेले असते. महादेवाच्या यात्रेला विदर्भातून पिढ्यान्‌पिढ्या जाणारे भाविक आणि त्या पठारावर राहणारे कोरकू यांना या शोधाची गरज नव्हती, ही गोष्ट वेगळी.

शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांविषयी फोर्सिथने एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. १८६७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. त्यात त्याने ज्या समजुतीशी भांडण मांडले ती अशी : रायफलमध्ये दारू वाढवली की नेम बिघडतो.

ही समजूत हवेतून आलेली नव्हती, ती अनुभवाची होती. रायफलच्या नळीत आतून पिळदार खाचा कोरलेल्या असतात. त्यांत धरली गेलेली गोळी पुढे सरकताना स्वतःभोवती फिरू लागते. त्या काळच्या अनेक रायफलींत हा पीळ फार जलद असे. १८३० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या ब्रन्सविक रायफलीत ३० इंचांच्या नळीत खाचांचा पूर्ण एक फेरा होता. अशा नळीत थोडी दारू घातली तर गोळी खाचांमागोमाग निमूटपणे वळते. दारू वाढवली की तिला इतक्या जोराचा धक्का बसतो की मऊ शिसे आणि चिंधी खाचांची पकड सोडून सरळ पुढे घसरतात. गोळीला फिरकी मिळतच नाही आणि ती भलतीकडे जाते. तोफखान्यातले अधिकारी असोत की लंडनचे बंदूककार, बहुतेकांनी यावर एकच उपाय केला : दारू कमी करा.

फोर्सिथचे म्हणणे असे की, दोष दारूचा नसून पिळाचा आहे. एका प्रयोगात दोन गोष्टी गुंतलेल्या असताना लोकांनी एकीवरच सारे खापर फोडले होते.

पण मुळात जास्त दारू हवीच कशाला? येथे लक्ष्यफलकावरचा नेम आणि जंगलातला नेम यांतला फरक समजून घ्यावा लागतो. चांदमारीच्या मैदानावर अंतर मोजलेले असते. गोळी कितीही खाली येवो, मागची माशी तेवढी वर सरकवली की झाले. जंगलात सांबर किती अंतरावर उभे आहे हे कोणी मोजून देत नाही. नजरेनेच अंदाज घ्यावा लागतो, आणि सागाच्या विरळ रानातला अंदाज हमखास फसतो.

गणितच करून पाहू. एका गोळीचा सरासरी वेग सेकंदाला २७० मीटर आहे आणि दुसरीचा ४०० मीटर, असे धरू. दोन्ही रायफली ९० मीटरसाठी साधलेल्या आहेत. शिकाऱ्याला वाटले जनावर ९० मीटरवर आहे. प्रत्यक्षात ते १३५ मीटरवर आहे. मंद गोळी नेमाच्या रेषेखाली सुमारे ४१ सेंटिमीटर पडेल, वेगवान गोळी सुमारे १९ सेंटिमीटर. सांबराच्या अंगावर हा फरक म्हणजे छाती आणि पाय यांतला फरक. छातीत गोळी बसली तर जनावर तिथेच कोसळते. पायाला लागली तर ते लंगडत दूर जाते आणि दिवसेंदिवस तडफडून मरते. वाघाच्या बाबतीत पुढे काय घडते ते वर आलेच आहे.

म्हणजे शिकाऱ्यासाठी अचूक बार तो, जो अंतराचा अंदाज चुकला तरी माफ करतो. त्यासाठी वेग हवा आणि वेगासाठी दारू हवी. मग नेम न बिघडवता दारू वाढवायची कशी?

फोर्सिथचे उत्तर आजही वाचताना सुखावते, कारण ते अगदी साधे आहे. शिशाच्या गोल गोळीला फिरकी फार थोडी लागते. लांबट गोळी उडताना हवेत कोलांटी खाण्याचा धोका असतो, म्हणून तिला भोवऱ्यासारखे वेगाने फिरवत ठेवावे लागते. गोल गोळीला पुढचे टोक नाही आणि मागचेही नाही. ती कोलांटी खाणार कशी? ओतताना शिशात राहिलेली पोकळी किंवा आकारातला बारीकसा दोष तिला एकाच बाजूला ओढत नेऊ नये, एवढ्यापुरतीच फिरकी पुरे. म्हणून पीळ अत्यंत मंद ठेवायचा : १४ बोअरच्या रायफलीला सुमारे १०४ इंचांत एक फेरा. (१४ बोअर म्हणजे एक पौंड शिशातून १४ गोळ्या होतील अशी नळी, अशी एक गोळी जवळपास ३२ ग्रॅमची भरते.) नळी स्वतः याच्या निम्म्याहूनही आखूड, म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत अर्धा फेराही घेत नाही. खाचा उथळ ठेवायच्या, म्हणजे काळ्या दारूची काजळी सहज पुसली जाते. एवढे जमले की ५ ड्रॅमच्या, म्हणजे सुमारे ९ ग्रॅमच्या घरातला बारही नेम ढळू न देता उडवता येतो. तुलनेसाठी, शिपायांच्या एन्फिल्ड रायफलीतला बार अडीच ड्रॅमचा होता, आणि तिची गोळी या गोळीहून थोडी जडच होती.

अर्थात हवी तेवढी दारू ओतून भागत नसे. त्या काळच्या शिकारी रायफली बहुधा दुनळी असत. शेजारशेजारच्या दोन नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी पडाव्यात म्हणून बंदूककार त्या किंचित एकमेकींकडे झुकवून डाख देत असे. हे झुकणे एका ठरावीक बारासाठीच साधलेले असे. दारू कमी-जास्त केली की दोन्ही गोळ्यांच्या वाटा फाकत किंवा एकमेकींना छेदून जात. म्हणूनच अनेक बंदूककार पेटीच्या झाकणात बाराचे माप लिहून देत. लंडनमध्ये साधलेले हे माप निमाडच्या उन्हात, चिंधी बदलल्यावर किंवा नळीत काजळी धरल्यावर तंतोतंत लागू पडेलच असे नाही. ते शिकाऱ्याला स्वतः बार उडवून तपासावे लागे.

या उपायाला मर्यादा होती. गोल गोळीला हवा फार अडवते. दीडशे यार्डांपलीकडे तिचा जोर झपाट्याने ओसरतो. याच्या काही वर्षे आधी सिंधमधला जनरल जॉन जेकब नेमक्या उलट टोकाला होता. मूळचा बॉम्बे आर्टिलरीचा हा अधिकारी जेकबाबादच्या सपाट वाळवंटात हजार यार्डांहून दूरच्या लक्ष्यांवर टोकदार, स्फोटक गोळ्या झाडून पाहत होता. वाळवंटातल्या माणसाने लांबचा विचार केला आणि सागवनातल्या माणसाने जवळचा. दोघांच्या बंदुका आपापल्या भूगोलातून घडल्या, असे म्हणायला हरकत नाही.

फोर्सिथच्या बाराचे आयुष्य मात्र अल्प ठरले. लंडनच्या जेम्स पर्डीने १८५६ मध्येच ‘एक्स्प्रेस ट्रेन’ या नावाने, हलकी लांबट गोळी आणि भरपूर दारू असलेल्या रायफली बनवल्या होत्या. तत्त्व तेच : वेग वाढवा, वाट सपाट करा. पुढे मागून भरायच्या बंदुका आणि पितळी काडतुसे आली, तेव्हा एक्स्प्रेस रायफलींनी हिंदुस्थानातले शिकारक्षेत्र व्यापले. ठासणीच्या गजाबरोबर मंद पिळाची रायफलही मागे पडली. लांबट गोळीला किती पीळ लागतो याचे सूत्र वुलिचचे गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये मांडले. गोळी जितकी लांब तितका पीळ जलद, हा त्याचा मथितार्थ. फोर्सिथ त्याच नियमाच्या दुसऱ्या टोकाला गोळ्या झाडून आधीच पोहोचला होता.

ग्रीनहिलचे सूत्र पाहायला तो हयात नव्हता. १८७१ मध्ये, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी तो वारला. मध्य भारतातील अरण्ये, गोंड-कोरकू समाज, वन्यजीव आणि शिकार यांवरचे त्याचे मोठे पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. आज अभ्यासक त्याला ओळखतात ते त्या ग्रंथामुळे. बंदुकीवरचे पुस्तक मात्र अमेरिकेतल्या ठासणीच्या बंदुका बनवणाऱ्या मोजक्या कारागिरांनी जपले आहे. गोल गोळीसाठी मंद पिळाची, उथळ खाचांची नळी हवी असेल, तर गिऱ्हाईक अजूनही त्यांच्याकडे ‘फोर्सिथ रायफलिंग’ मागते.