चालक्कुडी : धरणांच्या साखळीत हरवलेल्या नदीसाठी

केरळमधील अथिरापल्लीचा धबधबा पर्यटकांना आणि चित्रपटरसिकांना चांगला परिचयाचा आहे. ज्या नदीचा तो धबधबा, त्या चालक्कुडीची कहाणी मात्र केरळबाहेर फारशी पोहोचलेली नाही. अन्नामलाईच्या डोंगररांगांत उगम पावणारी ही नदी सुमारे १४५ किलोमीटरचा प्रवास करून पेरियारला मिळते. लांबीने लहान असलेल्या या नदीच्या खोऱ्यात तब्बल सहा धरणे आहेत. ही धरणे कोणासाठी आणि कोणत्या नियमांनी चालवायची, हा प्रश्न येथील नागरिकांनी गेली अनेक वर्षे लावून धरला आहे. नवे धरण रोखणाऱ्या चळवळी देशात पुष्कळ झाल्या. असलेल्या धरणांच्या कारभाराचा जाब विचारणारी ही चळवळ म्हणूनच वेगळी ठरते.

दोन राज्ये, सहा धरणे

चालक्कुडीच्या वरच्या खोऱ्यातील पाणी परंबिकुलम-अळियार प्रकल्पाद्वारे तमिळनाडूतील कोइमतूर परिसराच्या शेतीकडे वळविले जाते. त्यासंबंधीचा आंतरराज्य करार १९७० मध्ये झाला आणि तो १९५८ पासून लागू मानला गेला. परंबिकुलम, तुनक्कडवू आणि पेरुवारिपल्लम ही धरणे केरळच्या हद्दीत असली, तरी ती चालविते तमिळनाडू. अप्पर शोलयार तमिळनाडूत आहे, तर केरळ शोलयार आणि पेरिंगलकुत्तू ही धरणे केरळच्या विद्युत मंडळाच्या ताब्यात आहेत. त्यांच्या खाली तुंबूरमुळी येथील बंधाऱ्यातून दोन कालवे निघतात आणि त्रिशूर व एर्नाकुलम जिल्ह्यांतील शेती भिजवितात. त्याहीखाली अनेक गावांच्या पाणीपुरवठा योजना नदीवर अवलंबून आहेत. प्रवाह क्षीण झाला की समुद्राचे खारे पाणी नदीपात्रात वर सरकते.

पेरिंगलकुत्तूचे वीजगृह सायंकाळी, विजेची मागणी वाढते त्या वेळी, अधिक पाणी सोडते. एरवी प्रवाह रोडावतो. उन्हाळ्यात या चढउताराचा थेट फटका तुंबूरमुळीच्या कालव्यांना बसतो. बंधाऱ्याला साठवणक्षमता फारशी नसल्याने सायंकाळी आलेला लोंढा अडवून दुसऱ्या दिवशी वापरता येत नाही. कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्यांपर्यंत पाणी पोहोचत नाही, याचे कारण केवळ पावसाच्या तुटीत नसून वीजनिर्मितीच्या वेळापत्रकातही आहे, हे चालक्कुडी पुळा संरक्षण समितीने दाखवून दिले. ‘पुळा’ म्हणजे मल्याळममध्ये नदी. उन्हाळ्यात वीजगृह दिवसभर समान गतीने चालवावे, ही समितीची मागणी होती. त्यासाठी नवे बांधकाम लागत नव्हते. वेळापत्रक बदलणे पुरेसे होते.

अथिरापल्लीचा लढा

समिती सर्वाधिक प्रकाशात आली ती अथिरापल्ली जलविद्युत प्रकल्पाच्या विरोधामुळे. वाझाचलच्या वरच्या बाजूस २३ मीटर उंचीचे धरण बांधून १६३ मेगावॉट वीज निर्माण करण्याची ही योजना होती. बोगद्यातून पाणी वळविल्याने धबधब्याचा प्रवाह घटणार होता आणि सुमारे १३८ हेक्टर वनजमीन लागणार होती. १९९८ मध्ये मिळालेली पर्यावरणीय परवानगी २००१ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने रोखली. २००५ मधील दुसरी परवानगी २००६ मध्ये रद्द झाली. दोन्ही वेळा जनसुनावणीतील त्रुटी निर्णायक ठरल्या. २००७ मध्ये तिसऱ्यांदा परवानगी मिळाली, तेव्हाही विरोध थांबला नाही.

समितीने हा विरोध केवळ निसर्गप्रेमाच्या भाषेत मांडला नाही. वरच्या खोऱ्यातील पाणी आधीच वळविले गेले असताना प्रकल्पासाठी गृहीत धरलेले पाणी नदीत आहे काय, हा तिचा मूळ प्रश्न होता. या कामातील अग्रणी ए. लता या मूळच्या कृषी अधिकारी. सरकारी नोकरी सोडून त्यांनी नदीच्या अभ्यासाला वाहून घेतले आणि त्रिशूर येथे रिव्हर रिसर्च सेंटर उभारले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

खोऱ्यातील कादर आदिवासींचा आवाजही तितकाच महत्त्वाचा. पूर्वीच्या धरणांनी विस्थापित झालेल्या या समाजाला पुन्हा उठावे लागणार होते. वाझाचल पाड्याच्या प्रमुख गीता या लढ्यात पुढे होत्या. २०१४ मध्ये वाझाचल वनविभागातील नऊ पाड्यांना वनहक्क कायद्यानुसार सामूहिक वनहक्क मिळाले. त्यामुळे ग्रामसभेची संमती हा कायदेशीर मुद्दा बनला.

या प्रश्नाशी महाराष्ट्राचाही संबंध आला. पुण्याचे ज्येष्ठ पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात या प्रकल्पाला परवानगी देऊ नये, अशी शिफारस केली. प्रकल्पाच्या परवानगीची मुदत २०१७ मध्ये संपली. २०२० मध्ये राज्य सरकारने नव्याने हालचाली केल्या; मात्र विरोधामुळे धरण उभे राहिले नाही.

महापुराने दिलेला धडा

ऑगस्ट २०१८ च्या महापुरात समितीच्या जुन्या प्रश्नाला नवे परिमाण मिळाले. पेरिंगलकुत्तू धरणाच्या दरवाजांत झाडांचे ओंडके अडकले आणि पाणी धरणावरून वाहिले. चालक्कुडी शहर व खालची गावे बुडाली. आंतरराज्य करारानुसार केरळ शोलयार जलाशय १ सप्टेंबर आणि १ फेब्रुवारीला पूर्ण भरलेला असावा, अशी तरतूद आहे. म्हणजे ऐन पावसाळ्यातच जलाशय काठोकाठ असतो आणि अचानक आलेला पूर सामावून घेण्यास जागा उरत नाही. केंद्रीय जल आयोगाने पुराचे मुख्य कारण असाधारण पाऊस असल्याचे म्हटले. उच्च न्यायालयाच्या न्यायमित्राने मात्र २०१९ मध्ये धरण व्यवस्थापनातील उणिवांवर बोट ठेवले. सप्टेंबर २०२२ मध्ये परंबिकुलमचा एक दरवाजा निखळून पाण्याचा मोठा लोंढा चालक्कुडीत आला. एका राज्याच्या हद्दीतील आणि दुसऱ्याच्या ताब्यातील धरणाची जोखीम तेव्हा पुन्हा दिसून आली.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरानंतर धरणांत ऑगस्टमध्ये किती साठा असावा आणि विसर्ग केव्हा वाढवावा, यावर हीच चर्चा झाली. नंदकुमार वडनेरे समितीने त्याचा अभ्यास केला. वीज, सिंचन, पिण्याचे पाणी आणि पूरनियंत्रण ही चार खाती एकाच नदीला वाटून घेतात, तेव्हा नदीचा विचार करणारे खाते उरत नाही. सर्व जलाशयांचे एकत्रित नियोजन व्हावे, विसर्गाची माहिती खुली असावी आणि खालच्या गावांना निर्णयात स्थान मिळावे, या चालक्कुडीकरांच्या मागण्या कृष्णा किंवा भीमेच्या खोऱ्यातही तितक्याच लागू पडतात. धरणाच्या दरवाजाची किल्ली कोणाकडे आहे, इतकेच महत्त्वाचे नाही. तो उघडण्यापूर्वी कोणाला विचारले जाते, हेही महत्त्वाचे आहे.