आज्ञापत्र आणि नवा कारभारी

गेल्या जूनमध्ये आमच्या शाळेला नवे मुख्याध्यापक लाभले. वयाने माझ्याहून बरेच लहान, आणि टेबलावर व्यवस्थापनशास्त्राची दोन जाडजूड इंग्रजी पुस्तके. मी त्यांना ‘आज्ञापत्र’ वाचावयास दिले. आठवड्याने ते परत करीत म्हणाले, “सर, यात किल्ले आहेत, आरमार आहे, माझी शाळा कुठे आहे?”

प्रश्न रास्त होता. रामचंद्रपंत अमात्यांनी 1715 च्या सुमारास हा ग्रंथ सिद्ध केला तो कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी, म्हणजे शिवछत्रपतींच्या नातवासाठी. त्यातले पुष्कळसे आता केवळ इतिहासाच्या कामाचे. किल्ल्याचा कारभार हवालदार, सबनीस आणि कारखानीस अशा तिघांत वाटलेला असे. हुकूम एकाचा, दफ्तर दुसऱ्याचे, कोठी तिसऱ्याची. ही वाटणी आजही शहाणपणाची आहे. मात्र हे तिघे निरनिराळ्या जातींचे असावेत, म्हणजे संगनमत होणार नाही, ही त्यामागची जुनी समजूत आपण टाकूनच दिली पाहिजे.

वतनाचे प्रकरण मात्र मला पुनःपुन्हा वाचावेसे वाटते. नवी वतने देऊ नयेत, दिलेले वतन पिढ्यान्‌पिढ्या राज्याचा अंश खात राहते, असे पंत बजावतात. आणि मौज अशी की, हे सांगणारे स्वतः काय करून बसले होते! 1689 मध्ये राजाराम महाराज जिंजीस गेले आणि मागे महाराष्ट्राचा भार ‘हुकुमतपन्हा’ म्हणून पंतांवर पडला. औरंगजेब वतनाचे आमिष दाखवून सरदार फोडीत होता. पंतांजवळ खजिना कुठला? शिवछत्रपतींनी शक्य तो टाळलेली तीच वाट धरणे भाग पडले. पुढे बावड्याची जहागीर पंतांच्याही घराण्यात राहिली. कोणी याला दुटप्पीपणा म्हणेल. मला तो पोळलेल्या माणसाचा सल्ला वाटतो, आणि म्हणूनच तो किल्ल्यांबरोबर पडला नाही.

हे सारे मी मुख्याध्यापकांना सांगितले. रुजू होताच जुन्या मंडळींची मने राखण्यासाठी त्यांनी कुणाचे तास कमी केले होते, कुणाला परीक्षेचे काम माफ केले होते. ते थोडे गप्प झाले, आणि पुस्तक पुन्हा मागून घेऊन गेले.

वेळापत्रक अजून बदललेले नाही. शनिवारचे दोन तास त्यात मोकळे आहेत, ते माझे.